वाचकांचे प्रश्न : वयात येणं थांबवणारं इंजेक्शन

प्रश्न : आमची थोरली 12 वर्षांची. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ‘मी मुलगा आहे’ म्हणते. आता छाती येऊ लागलीय, तर भर उन्हातही जर्किन काढत नाही. वयात येणं थांबवणारं इंजेक्शन असतं म्हणे. द्यावं का? कायमचा अपाय होतो का?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, ही औषधं म्हणजे ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन. आठ वर्षांच्या आतच वयात येऊ लागणाऱ्या मुलींसाठी ती 1980 च्या दशकापासून वापरात आहेत. कुणी सारखी कडी वाजवत राहिलं की घरातलं माणूस उठेनासं होतं, तसं या औषधाच्या सततच्या माऱ्याने वयात येण्याचा हुकूम देणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी दाद देईनाशी होते. पण सुरुवातीच्या कडीला ती उठतेच. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे संप्रेरकं (हार्मोन्स) उलट वाढतात, छाती हुळहुळते, क्वचित थोडं अंगावर जातं. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून दुसरा डोस सोडू नका.

ल्युप्रोलाइड सहसा 3.75 मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी किंवा 11.25 मिलिग्रॅम दर बारा आठवड्यांनी देतात. पावडर कालवली की लगेच टोचायची. ठेवली तर कण तळाशी बसतात आणि डोस कमी जातो. परीक्षा, जत्रा, चुकलेली एसटी... तारीख लांबली की शरीर थांबलेलं काम पुन्हा हाती घेतं.

आधी तपासण्या : वयात येण्याचा टप्पा, एलएच आणि एफएसएच (पिट्युटरीची संप्रेरकं), इस्ट्रॅडिऑल (स्त्री-संप्रेरक), ड जीवनसत्त्व, डाव्या मनगटाचा एक्स-रे आणि हाडांचा डेक्सा (घनता मोजणारी तपासणी). पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, वजन, रक्तदाब; वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा. खरी काळजी हाडांचीच, कारण याच वयात ती भरतात आणि इंजेक्शन चालू असताना मागे पडतात. दूध, नाचणी, ऊन आणि दोरीवरच्या उड्या चुकवू नका. डोकेदुखीसोबत उलट्या किंवा अंधूक दिसणं सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

इंजेक्शन बंद केलं की काही महिन्यांत वयात येणं पुन्हा सुरू होतं. मात्र इतक्या लवकर सुरू करून पुढे थेट टेस्टोस्टेरॉन (पुरुष-संप्रेरक) घेतलं, तर स्त्रीबीजं पक्व होत नाहीत. तज्ज्ञांतही एकमत नाही : अमेरिकेतल्या एन्डोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या सूचनांत हा उपचार आहे, तर इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने मागवलेल्या 2024 च्या कॅस अहवालाने पुरावा तोकडा ठरवला आणि इंग्लंडने संशोधनाबाहेर नव्या मुलांना तो देणं थांबवलं. त्यामुळे द्यावं की नाही हे आम्ही इथून सांगणार नाही, आणि कुणी एका भेटीत सांगितलं तर सावध व्हा. आधी मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ, मग मुलांचे संप्रेरकतज्ज्ञ. मिरजेत नाही भेटले तर पुणं गाठावं लागेल. सही तुमची लागेल, पण होकार लेकराचाही हवा. ‘मुलगी म्हणून सरळ करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार गैरवर्तन ठरवले आहेत.

प्रश्न : भाचा 16 वर्षांचा, मुलगी म्हणून जगायचंय म्हणतो. आवाज फुटलाय, मिशी आलीय. आता इंजेक्शनचा उपयोग होईल?
– एक मामा, वाई

उत्तर : भाचीच म्हणू या, तिला तेच बरं वाटेल. फुटलेला आवाज आणि आलेले केस इंजेक्शनने मागे फिरत नाहीत; पुढची वाढ तेवढी थांबते. केसांसाठी लेसर, आवाजासाठी वाचाउपचार. या वयात नुसतं इंजेक्शन लांबवलं तर हाडं झिजतात, म्हणून मुदत आधीच ठरवून घ्या. वीर्य साठवून ठेवायचं असेल तर ते पहिल्या डोसच्या आधी.