कंपनीचा पैसा आणि अंजनाचं मूळ

भाऊ, कंपनी झाडं लावायला पैसे द्यायला तयार झाली म्हणून लगेच खड्डे खणायला घेऊ नकोस. आधी करार बघ. आमच्या पहिल्या करारात ‘लावलेली झाडं’ एवढाच रकाना होता, जगली किती हे कुणी विचारलंच नाही. चैत्रात टँकर बंद पडला आणि रोपांच्या जागी नुसत्या काड्या उरल्या.

सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाचं, वर्ष ३१ मार्चला संपतं, आपला पाऊस जूनमध्ये. म्हणून काम ‘चालू प्रकल्प’ म्हणूनच मंजूर करून घे. मग उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या ३ आर्थिक वर्षांत वापरता येते.

झाडं म्हणशील तर सातपुड्याच्या पायथ्याला अंजन, सलई, धावडा, खैर, पळस. ग्लिरिसिडिया हे बाहेरून आलेलं, झटपट वाढणारं झाड फोटोत लवकर हिरवं दिसतं, त्याला भुलू नकोस. अंजनाचं रोप वर वीतभर, पण खाली सोटमूळ केव्हाच खोल गेलेलं. रोपवाटिकेच्या पिशवीत तेच मूळ गोल फिरतं आणि रोप पुढे रडतखडत वाढतं. त्यापेक्षा पहिल्या पावसावर बी थेट टोच. कंपनीच्या साहेबांना मात्र आधीच सांगून ठेव, दोन वर्षं दाखवण्यासारखं फारसं काही नसेल.

चराईबंदी गावाला विचारूनच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला एकदा जाऊन ये. तिथे चैत्राम पवारांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुऱ्हाड थांबली की जुन्या खुंटांना धुमारे फुटतात, तेवढी रोपं कमी लागतात. ते धुमारे मोजायचा रकानाही करारात घालून घे.