मुलीला इंग्रजी शिकवायला परदेशी जायचंय, पण पासपोर्ट कुठला?

प्रश्न: आम्ही गेली बारा वर्षं अमेरिकेत आहोत. ग्रीन कार्ड मागच्या वर्षी हातात आलं. आमची मुलगी पुढच्या मे महिन्यात अर्थशास्त्राची पदवी घेईल. बरोबरीची मुलं नोकऱ्या शोधताहेत आणि ही म्हणते, एक-दोन वर्षं जपान नाहीतर कोरियात जाऊन शाळेत इंग्रजी शिकवीन. तिच्या बाबांचं म्हणणं, एवढा खर्च करून शिकवलं ते यासाठी का? मला तिच्या एकटीनं राहण्याची काळजी वाटते. तिला कसं समजवावं? आणि जायचंच ठरलं तर तयारी काय करावी?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी अडचण तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे. ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं, म्हणजे मुलीचा पासपोर्ट अजून भारतीय. समजवायचं कसं हा प्रश्न नंतर. आधी हे बघा की ती ज्या दारातून आत जाऊ म्हणते आहे, ते तिला उघडं तरी आहे का.

जपान सरकारचा जेट कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. सरकारी शाळांत सहायक भाषाशिक्षक नेमण्याचा हा सगळ्यात जुना आणि भरवशाचा मार्ग. पण अमेरिकेतून अर्ज करायचा तर अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. कोरियाचा एपिक हा सरकारी शाळांचाच कार्यक्रम १९९५ पासूनचा. तिथे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांचे नागरिक घेतात. पीस कोअर (अमेरिकन सरकारची परदेशी स्वयंसेवक पाठवायची योजना) आणि फुलब्राइट या सरकारी शिष्यवृत्तीतली इंग्रजी सहायकाची जागा याही अमेरिकन नागरिकांसाठीच. मुलगी तिसरीपासून अमेरिकन शाळेत शिकली असेल, घरीसुद्धा इंग्रजीच बोलत असेल, पण अर्ज तपासणारा माणूस तिचे उच्चार ऐकत नाही, पासपोर्टचं पान बघतो. हा न्याय आहे का? माझ्या मते नाही. पण यावर घरात वाद घालून काही हाती लागणार नाही.

आता ग्रीन कार्डाचं. याचा विचार ती आणि तुम्ही दोघांनीही केलेला दिसत नाही. नागरिकत्वासाठी साधारणपणे पाच वर्षं सलग वास्तव्य लागतं. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की ते वास्तव्य खंडित झालं असं धरण्याकडे अधिकाऱ्यांचा कल असतो, आणि वर्ष उलटलं की ते खंडित होतंच. परत आल्यावर मोजणी जवळजवळ पहिल्यापासून. वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहायचं तर निघण्यापूर्वी आय-१३१ हा अर्ज भरून री-एंट्री परमिट घ्यावं लागतं. अर्ज करताना माणूस अमेरिकेतच असावा लागतो. परमिट सहसा दोन वर्षांचं मिळतं. त्यानं परत येण्याचा रस्ता राहतो, नागरिकत्वाची मोजणी मात्र वाचत नाही. बाहेर असतानाही अमेरिकेचं टॅक्स रिटर्न रहिवासी म्हणूनच भरायचं. अनिवासी म्हणून भरलं, तर आपणच लिहून दिल्यासारखं होतं की आता आमचा इथे मुक्काम नाही.

म्हणून माझा सल्ला असा. एका इमिग्रेशन वकिलाची तासाभराची फी भरा आणि मुलीला स्वतःला त्याच्यासमोर बसवा. तुम्ही बाहेर थांबा. तीच गोष्ट आईबाबांनी सांगितली की ती अडवणूक वाटते, वकिलानं सांगितली की माहिती ठरते. मग तिच्यासमोर दोन रस्ते उरतील. एक, नागरिकत्व मिळेपर्यंत इथेच नोकरी करायची आणि मग जेट किंवा एपिकला अर्ज करायचा. तेव्हा ती सव्वीस-सत्तावीसची असेल, म्हणजे उशीर बिलकुल झालेला नसेल. दोन, परमिट घेऊन, मोजणी मागे पडणार हे कबूल करून, जिथे पासपोर्टाची अट सैल आहे तिथे जायचं. व्हिएतनाम, थायलंड, कंबोडिया इथे भारतीय पासपोर्टवरही कामं मिळतात. पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि बऱ्याचदा इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. जपानमधल्या खासगी भाषाशाळाही अशा उमेदवारांना घेतात, पण बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा बहुधा मागतात. मी तिच्या जागी असते तर थांबले असते. पण मी तिच्या जागी नाही, आणि तुम्हीही नाही.

(बाकी वाचकांनीही आपापली कागदपत्रं काढून बघावीत. मूल एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असेल तर एकविसाव्या वर्षी ते संपतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी घेतलेल्यानं ओपीटी (शिक्षणानंतर अमेरिकेत काही काळ काम करण्याची परवानगी) न वापरता देश सोडला तर ती संधी गेली. ब्रिटनचा कायम वास्तव्याचा परवाना सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यास जातो. कॅनडात पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं. ज्यांच्या मुलांकडे त्या देशाचं नागरिकत्व आहे, त्यांनी हा सगळा भाग विसरून पुढे वाचावं.)

नागरिक असलेल्या मुलांची तयारी पदवीनंतर नाही, शेवटचं वर्ष सुरू होतानाच लागते. अमेरिकेतून जेटचा अर्ज शरद ऋतूत भरायचा, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत आणि प्रस्थान जुलै-ऑगस्टमध्ये. एपिकच्या वर्षाला दोन तुकड्या, एक फेब्रुवारीअखेर आणि एक ऑगस्टअखेर, आणि अर्ज साधारण सहा महिने आधी. मे महिन्यात टोपी हवेत उडवून झाल्यावर जाग आली, तर सरकारी मार्गाचं ते वर्ष बहुतेक गेलंच समजा. मग खासगी क्लासवाल्यांशिवाय पर्याय उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती पोलिसांची कागदपत्रं. कोरियाला एफबीआयचा दाखला लागतो, राज्य पोलिसांचा चालत नाही. त्यासाठी एफडी-२५८ या कार्डावर दहाही बोटांचे ठसे द्यायचे. शाई जास्त झाली, बोट कडेला घसरलं किंवा हात कोरडे पडून रेषा उमटल्या नाहीत, तर ठसे वाचता येत नाहीत म्हणून कार्ड परत येतं आणि वाट बघण्यातले आठवडे फुकट जातात. दोन कार्डं भरून पाठवलेली बरी. मग त्या दाखल्यावर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, हवं. एफबीआयचा कागद केंद्राचा, म्हणून त्याचं अपोस्टील वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्यातून. पदवीच्या नोटरी केलेल्या प्रतीचं मात्र ज्या राज्यात नोटरी झाली त्या राज्याकडून. ही दोन टपालं चुकीच्या पत्त्यावर गेली की पुन्हा पहिल्यापासून. इथेच एक विनंती: वडिलांनी एक्सेल शीट करून सगळं आपल्या ताब्यात घेऊ नये. जिला परक्या देशात घरभाड्याचा करार आणि बँकेचं खातं एकटीनं सांभाळायचं आहे, तिला एक अपोस्टील आणता आलंच पाहिजे.

प्रमाणपत्राबद्दल फार विचारणा होते. टेफल म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणं, हे एका संस्थेचं नाव नाही, त्यामुळे तो शब्द कुणीही छापू शकतं. १२० तासांचा ऑनलाइन कोर्स बऱ्याच ठिकाणी व्हिसापुरता पुरतो. शिकायचं असेल तर केंब्रिजचं सेल्टा किंवा ट्रिनिटीचं सर्टटीसॉल. महागडे आहेत, पण तिथे खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास उभं राहून शिकवावं लागतं आणि मागे परीक्षक बसलेला असतो. दोन वर्षं फिरून यायचं असेल तर एवढा खर्च नको. हाच व्यवसाय करायचा विचार असेल तर करा.

इंग्रजी छान येतं या भरवशावर निघालेली मुलं पहिल्या महिन्यात कुठे अडखळतात ते सांगते. पस्तीस मुलांचा वर्ग, वय बारा-तेरा. बाई दोन मिनिटं एक खेळ समजावून सांगते, आपल्या नेहमीच्या वेगानं, मध्ये दोन विनोदही करते. शेवटी विचारते, समजलं का? सगळ्या माना डोलतात. खेळ सुरू करा म्हटल्यावर कुणी जागचं हलत नाही. मान डोलावणं हे बाईंना बरं वाटावं म्हणून असतं. ज्याला हे काम येतं तो तीन छोट्या वाक्यांत सांगतो, एका मुलाला पुढे बोलावून खेळ करून दाखवतो, आणि मग दुसऱ्याला म्हणतो, आता तू कर. हे वाचून येत नाही. तुमच्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयात नव्यानं आलेल्या प्रौढांसाठी इंग्रजीचे फुकट वर्ग बहुतेक असतील, तिथे स्वयंसेवक लागतात. तिला आत्तापासून आठवड्याला एक संध्याकाळ तिथे जाऊ दे. चार महिन्यांनी तिला कंटाळा आला, तर विमानाचं भाडं वाचलं. आणि आवडलं, तर मुलाखतीत बोलायला खरं काहीतरी असेल. नुसतं ‘मला तुमची संस्कृती आवडते’ हे वाक्य मुलाखत घेणाऱ्यांनी त्या दिवशी आधीच बऱ्याच जणांकडून ऐकलेलं असतं.

एक गोष्ट मुलं घरी सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. खासगी क्लासच्या बाजारात अर्जासोबत फोटो मागायची पद्धत आहे, आणि काहींना इंग्रजीची बाई गोरीच हवी असते. आपल्या मुलींचं आडनाव आणि वर्ण बघून उत्तरच न येणं हे घडतं. वर्गातही ‘पण तू खरी कुठली?’ हे मुलं विचारतात. सरकारी कार्यक्रमांत हा त्रास कमी होतो, कारण तिथे पासपोर्ट आणि पदवी बघून निवड होते. जाण्याआधी तिच्याशी हे एकदा मोकळेपणानं बोला. घाबरवायला नव्हे. नकार आला तर तिनं स्वतःच्या इंग्रजीला दोष देऊ नये, एवढ्यासाठी.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. ही सुट्टी नाही, नोकरी आहे. जेटचा पहिल्या वर्षाचा पगार एप्रिल २०२५ पासून ४० लाख २० हजार येन आहे, जाण्याचं विमानभाडंही मिळतं. मग तिच्याशी बोलताना इतर कुठल्याही नोकरीबद्दल विचाराल तेच विचारा: करारात काय आहे? शिकवण्याचे तास किती आणि शाळेत बसायचे तास किती, हे दोन आकडे वेगळे असतात. घर कुणी द्यायचं, भाडं कुणी भरायचं? मध्येच सोडलं तर काय परत करावं लागेल? कोरियात एक वर्ष पूर्ण केलं की साधारण एक महिन्याचा पगार कायद्यानं जादा मिळतो, म्हणून अकरा महिन्यांचा करार पुढे आला की त्याचं कारण समजून घ्या. तिथल्या खासगी क्लासना हागवॉन म्हणतात. ते शाळा सुटल्यावर भरतात, त्यामुळे काम दुपारी सुरू होऊन रात्री संपतं. शिक्षकाचा ई-२ व्हिसा त्या मालकाशी बांधलेला असतो, त्याच्या संमतीपत्राशिवाय मध्येच दुसरीकडे जाणं अवघड. म्हणून सही करण्याआधी तिथे सध्या शिकवणाऱ्या एका तरी परदेशी शिक्षकाशी फोनवर बोलावं. मालकानं तो नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तिथे जायचं नाही. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, मग बघू’ म्हणणारा आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणारा, या दोघांशी बोलणंही वाढवू नये.

पहिला पगार पोचल्याबरोबर मिळत नाही. दोन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. जपानमध्ये स्वतः घर घ्यावं लागलं तर अनामत, मालकाला भेट म्हणून द्यायचे पैसे, दलाली मिळून सुरुवातीलाच काही महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम जाते. हे पैसे तुम्ही द्यायचे असतील तर उसने म्हणून द्या, आणि आकडा लिहून ठेवा.

औषधांकडे लक्ष द्या. एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार) दिलं जाणारं अ‍ॅडेरॉल जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही, ते बंदी असलेलं औषध आहे. सर्दीच्या काही साध्या गोळ्या आणि नाकात ओढायचे काही इनहेलरही त्या नियमांत अडकतात. एक महिन्याहून जास्तीचं डॉक्टरी औषध न्यायचं तर आधी परवानगीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. मुलगी नैराश्यासाठी किंवा अशा कशासाठी औषध घेत असेल आणि तुम्हाला ठाऊक नसेल, अशीही शक्यता आहे. तेव्हा ‘काय काय घेतेस?’ असं तिला विचारू नका. यादी दे, आम्ही बघणार नाही, पण तुझ्या डॉक्टरांना दाखव, एवढंच म्हणा.

आणि एकटीनं राहण्याबद्दल: कॉलेजात ती चार वर्षं राहिलीच आहे. फरक एवढाच की आता तिकडची रात्र म्हणजे तुमची सकाळ. रोज फोनची अट घालू नका, आठवड्यातला एक वार ठरवा. भेटायला जायचं असेल तर पहिले तीन-चार महिने नको, शाळेला सुट्टी लागल्यावर जा. तुमचेही पासपोर्ट भारतीय असतील, तर जपानसाठी तुम्हाला व्हिसा लागेल. तिकीट त्यानंतर काढा.