बोनेट उघडून : तापली की रुसणारी पिकअप

प्रश्न : काका, आमच्याकडे वडिलांनी घेतलेली जीपच्या घडणीची पेट्रोल पिकअप आहे, हरिकेन इंजिनाची. मार्चमध्ये मृग बहाराची संत्री घेऊन काटोलहून नागपूरला कळमन्याच्या बाजारात जातो. सकाळी एका सेल्फात सुरू होते. कळमेश्वर, फेटरी, काही तक्रार नाही. काटोल नाक्याच्या गर्दीत शिरली की आधी मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं, मग दोन-तीन झटके आणि बंद. पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. कार्बोरेटर दोनदा उघडला, पेट्रोल पंप नवा टाकला, प्लग बदलले. आता मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवू. उतरवू का? (एक वाचक, काटोल)

उत्तर : इंजिनाला हात लावू देऊ नका, भाऊ. जे इंजिन सकाळी एका सेल्फात उठतं आणि काटोलपासून माल ओढत नागपूरच्या वेशीपर्यंत येतं, त्याच्या रिंगा-पिस्टनवर संशय घ्यायचं काही कारण नाही.

तुमच्या मिस्त्रीची अडचण अशी, की त्यानं ही गाडी बिघडलेली कधी पाहिलीच नाही. नाक्यावर बंद पडते, तुम्ही थांबता, ती सुरू होते, मग तुम्ही गॅरेजला नेता. तोवर ती थंड. थंड गाडीत तो काय शोधणार? म्हणून एकेक पार्ट बदलून बघतो, आणि बिल तुम्ही भरता.

मीही हा गाढवपणा केलाय. वाडीला अमरावती रोडवर माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. मे महिना, पारा पंचेचाळिशी ओलांडलेला. भाजीचा धंदा करणाऱ्या एका बाईंची अशीच पेट्रोल पिकअप रोज दुपारी रस्त्यात उभी राहायची. मी म्हटलं, पेट्रोलची वाफ होते. तीन दिवस ओलं फडकं पेट्रोल पंपावर गुंडाळायला लावलं. बाई वैतागून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या फडक्यानं काही होत नाही जी." चौथ्या दिवशी गाडी दुकानासमोरच बंद पडली. पाना घ्यायला हात मोकळा हवा म्हणून मी ते ओलं फडकं सहज कॉइलवर, म्हणजे बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचे हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या डब्यावर, टाकलं आणि आत गेलो. परत येऊन सेल्फ मारला, गाडी सुरू! पंपाला मी हातही लावला नव्हता. बाईंपुढे मान वर करायची सोय राहिली नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, जिथे बंद पडेल तिथेच, तापलेली असतानाच तपासा. सोबत एक प्लग, एक टेस्टर लॅम्प, रबरी मुठीचा पक्कड आणि पाण्याची बाटली ठेवा. गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल, हँडब्रेक. आधी नाकानं तपासा. कुठे पेट्रोल गळत असेल तर ठिणगीचा खेळ अजिबात करायचा नाही.

गळती नसेल तर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला आळीपाळीनं ठिणगीचा करंट वाटणारा भाग, त्याच्या कॅपच्या मधोमध येणारी जाड वायर काढा. तिचं टोक पकडीत धरून इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा. हातात धरू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, 'टक टक' वाजणारी ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी उघडझाप) आणि कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारी डबी) बरे आहेत. मग रोटर (कॅपच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा), कॅप आणि पेट्रोलची नळी बघायची. ठिणगी पिवळी, बारीक, आवाज नसलेली किंवा अजिबातच नाही, तर पंप आणि कार्बोरेटरवरचा तुमचा खर्च वाया गेला म्हणून समजा.

नीट ठिणगी नाही असं दिसलं तर टेस्टर लॅम्पचं एक टोक अर्थला, म्हणजे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, लावा, दुसरं कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. पुन्हा सेल्फ. लॅम्प लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो. लुकलुकतोय आणि तरी ठिणगी नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट नीट मिटत नाहीत, नाहीतर त्यांचा अर्थ तुटलाय. पेटलाच नाही तर लॅम्प कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला लावा. तिथेही अंधार असेल तर दोष चावीच्या स्विचपासून कॉइलपर्यंतच्या वायरीत. तिथे पेटला तर कॉइलची आतली गुंडाळी तुटलेली, नाहीतर डिस्ट्रिब्युटरच्या आत वायर बॉडीला चिकटलेली.

माझा पहिला संशय कॉइलवर. तिच्यात जाड तारेचे काही शे वेढे असतात आणि केसासारख्या तारेचे हजारो. तापली की तांबं पसरतं. आत कुठे तार तुटायला आली असेल तर सांधा सुटतो, थंड झाली की पुन्हा टेकतो. तुमचा पाऊण तास तिथेच जातो. खात्री करायची तर बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवून पिळा आणि फक्त कॉइलच्या पत्र्याला गुंडाळा, टर्मिनलला पाणी लागू देऊ नका. दहा मिनिटांत सुरू झाली तर कॉइल बदला.

बदलण्याआधी मात्र जुन्या कॉइलच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. काही 12 व्होल्ट कॉइल्सना बाहेर वेगळा रेझिस्टर लागतो, काहींना लागत नाही. मीटरवर बाहेर रेझिस्टर लागणारी साधारण दीड ओहम दाखवते, बिनरेझिस्टरची तीन ते चार. दुकानदारानं 'चालते हो' म्हणून पहिली दिली आणि तुमच्या गाडीत रेझिस्टर नसेल, तर कॉइल भाजणार आणि पॉइंटही जळणार. तुमची कॉइल मधे कधी बदलली का, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. मला तेच आधी विचारावंसं वाटतं.

आणि एक सवय. गाडी बंद पडली की आपण चावी तशीच ठेवून खाली उतरतो. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइलमधून करंट वाहत राहतो. ती थंड व्हायची वाट तुम्ही बघता आणि ती आणखी तापत असते. चावी काढून खिशात टाका.

दुसरा संशय डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या एका वायरीवर. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी वीतभरही नसलेली मऊ वायर असते. वरून कव्हर धडधाकट दिसतं, आत तांब्याचे पाच-सहाच धागे उरलेले असतात. इंजिन गरम होऊन थरथरलं की सुटतात. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. दोन चिमटीत धरून हलकेच ताणा. चांगली वायर ताणत नाही, तुटलेली रबरासारखी लांबते. माझ्या दुकानात पोरांना मी हेच पहिल्यांदा शिकवायचो, आणि पोरं हेच पहिल्यांदा विसरायची.

एवढं उघडलंच आहे तर कंडेन्सर नवा टाकून द्या, स्वस्त असतो. मात्र जुना चालू असेल तर फेकू नका, टूलबॉक्समध्ये ठेवा. नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघालेले मी पाहिलेत. पॉइंटचा गॅप 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगचा 0.030 इंच. पॉइंट पूर्ण उघडलेले असतानाच मोजा, तेही फिलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांनी. पोस्टकार्ड घालून गॅप लावणारे उस्ताद मला माहीत आहेत. पोस्टकार्ड दाबलं जातं, लोखंड दाबलं जात नाही. पॉइंटचा गॅप हलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, हलतं, म्हणून नंतर टायमिंग बघितल्याशिवाय कॅप लावू नका. वायरी काढल्या असतील तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडरांत ठिणगी पडायचा क्रम, 1-3-4-2.

निळी ठिणगी येत असून गाडी सुरू होत नसेल, तर पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघा. सायलेन्सरच्या जवळून जात असेल तर बाजूला घ्या. रबर जुनं असेल तर इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकणारी नळी घाला. कॉइलवर काय लिहिलंय ते कळवा.

प्रश्न : माझी पिकअप डिझेल आहे. डिसेंबरात सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो. प्लग बदलू का? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : कोणता प्लग? डिझेलमध्ये ठिणगी नसते, दाबानं हवा तापते आणि डिझेल पेट घेतं. काही इंजिनांत थंडीत सुरू व्हायला आतली जागा तापवणारे हीटर प्लग असतात, काहींत नसतातच. आधी आहेत का ते बघा. असतील तर एकेक सुटा करून मीटरनं तपासा, मेलेला लगेच ओळखू येतो. पण त्याआधी बॅटरीची टर्मिनलं आणि इंजिनाला येणारी अर्थची पट्टी काढून घासा. सेल्फ हळू फिरला की हवा पुरेशी तापत नाही, आणि मग लोक पंप खोलायला निघतात.

प्रश्न : पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरांनी जुनी पेट्रोल गाडी बोनेट उघडून पाइपनं धुतली. तेव्हापासून ओल असली की एका सिलेंडरवर मिसिंग मारते. कॅप पुसून झाली. (एक वाचक, कामठी)

उत्तर : पोरांना रागावू नका, दोष आधीचा आहे, पाण्यानं तो दाखवला. कॅप उन्हात तिरपी धरून आतून बघा. दोन पितळी खुंट्यांच्या मधे पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर करंटनं तिथे वाट पाडली आहे. ती खरवडून जात नाही, कॅप बदला. रेघ नसेल तर रात्री अंगणातला दिवा मालवा, बोनेट उघडून गाडी सुरू ठेवा आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. हात आणि शर्टाची बाही पंख्यापासून लांब. ज्या वायरीवर निळ्या मुंग्या पळताना दिसतील, ती काढून टाका.