बिटकॉइन पेंडिंग, पैसे बुडाले का?

प्रश्न: कालपासून बिटकॉइन पाठवलेत, अजून पेंडिंगच दाखवतंय, बुडाले का हो? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: छे हो, अजून कुठे गेलेच नाहीयेत! तुमचा व्यवहार मेमपूलमध्ये, म्हणजे नोड्सच्या (बिटकॉइनचं नेटवर्क चालवणाऱ्या कॉम्प्युटरांच्या) वेटिंग लिस्टमध्ये पडलाय. ब्लॉक, म्हणजे पक्क्या झालेल्या व्यवहारांचा गठ्ठा, साधारण 10 मिनिटांनी एक बनतो, त्यात जागा मोजकी, आणि पहिला आला म्हणून पहिला नंबर असं इथे नसतं, मार्केट यार्डातला लिलावच समजा, मायनर, म्हणजे ब्लॉक बनवणारा, जास्त फीवाल्याला आधी उचलतो, आणि फी रकमेवर नाही, व्यवहार किती बाइटचा आहे त्यावर ठरते. वॉलेटमध्ये आरबीएफची (रिप्लेस-बाय-फी, म्हणजे अडकलेला व्यवहार जास्त फी देऊन बदलायची) सोय असेल तर तोच व्यवहार फी वाढवून पुन्हा पाठवा. नाहीतर थांबा, बरेचसे नोड 14 दिवसांनी असा व्यवहार काढून टाकतात, बिटकॉइन तुमच्याकडेच राहतात. आणि 'लवकर करून देतो' म्हणत कोणी सीड फ्रेज (तुमच्या वॉलेटची चावी असलेले गुप्त शब्द) मागितली तर सरळ फोन ठेवा.