सार्वमताच्या निकालाआधी चलनात पोझिशन घ्यावी का, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर सौदा करावा का? मतदानपूर्व चाचण्यांवर कितपत विसंबावं?

घेऊ नका. आणि चाचण्यांचं म्हणाल, तर घोडं तिथे अडत नाहीच. २३ जून २०१६ची रात्र मी जागून काढली आहे, म्हणून लिहितोय.

ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की नाही, याचं मतदान त्या दिवशी होतं. दुपारी मी पाउंड-रुपयाचे दहा लॉट साडेनव्याण्णवला घेतले. लॉटला हजार पाउंड, म्हणजे व्यवहार दहा लाखांचा आणि खात्यात मार्जिनपुरते, म्हणजे अनामत म्हणून लागतात तेवढेच पैसे. भरवसा होता तो स्कॉटलंडचा. सप्टेंबर २०१४मध्ये तिथल्या सार्वमताआधी एका चाचणीत स्वातंत्र्यवाले पुढे दिसले, पाउंड पडला, मी पडत्या भावात घेतला. ५५ टक्क्यांनी 'नाही' आलं आणि चार पैसे सुटले. या वेळीही तसंच होणार असं धरून चाललो होतो. शिवाय ९८चा स्टॉपलॉस होता, म्हणजे भाव तिथे आला की सौदा आपोआप विकला जायचा.

पण आपला बाजार पाचला बंद होतो आणि त्यानंतर स्टॉपलॉसला काही अर्थ उरत नाही. तिकडचं मतदान रात्री दहाला संपलं, म्हणजे आपल्याकडे अडीच. पाउंड दीड डॉलरला टेकला होता. बाहेर पडा म्हणणारे निगेल फराज स्वतःच म्हणाले की राहणारे निसटते जिंकतील असं दिसतंय. पावणेपाचनंतर संडरलंड शहराचा आकडा आला: बाहेर पडा, ६१ टक्के. बघता बघता दर १.४३वर आला. दादा मोटार चालू करायला उठला होता, बॅटरी हातात. "काय रे, झोपला नाहीस?" म्हणाला. मला बोलता येईना. बाजार उघडायला अजून चार तास होते.

नऊनंतर ९२च्या आसपास सगळं काढलं. पंचाहत्तर हजार गेले. शेडच्या पत्र्यांसाठी ठेवलेले पैसे होते ते.

दादाचे द्राक्षाचे पाउंड यायचे बाकी होते, पण त्याने ते महिनाभर आधीच बँकेत फॉरवर्ड करून, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आधीच ठरवून ठेवले होते. तेव्हापासून घरात चार माणसं जमली की तो सांगतो, "चाचण्यांवर विश्वास ठेवला म्हणून बुडाला." हे मला मान्य नाही. शेवटच्या आठवड्यात काही चाचण्यांत बाहेर पडणारे पुढे होते. निकालही ५२-४८चाच लागला. चाचण्या चुरस दाखवतच होत्या, मी फक्त सोयीच्या तेवढ्या वाचल्या.

खरी चूक हिशेबाची. 'राहा' येणार हे भावात आधीच धरलेलं होतं. तसंच झालं असतं तर मला पाउंडमागे दोन रुपये मिळाले असते, उलट झालं तर सात-आठ जाणार. पाचात चार वेळा माझं बरोबर आलं असतं, तरी हातात जवळपास शून्यच. निकालाचा अंदाज अचूक असूनही हा सौदा वाईटच होता. आणि दादा, तुलाही निकाल कुठे माहीत होता? माहीत नव्हता म्हणूनच तू फॉरवर्ड केलंस ना? मग दोष चाचण्यांना कशाला?

तुमचं खरंच देणं-घेणं असेल, मुलीची तिकडची फी किंवा निर्यातीचे पैसे, तर गोष्ट वेगळी. निम्म्याचा दर आधी बांधून टाका, बँकेत विचारा.

आणि एक राहिलं. मे २०२४पासून पाउंड-रुपयासारख्या रुपयाच्या जोड्यांमध्ये एक्स्चेंजवर उतरायचं तर परकीय चलनाचं खरं देणं-घेणं असावं लागतं, नुसत्या अंदाजावर चालत नाही. रिझर्व्ह बँकेची परवानगी नसलेल्या परदेशी अ‍ॅपवर पैसे लावणं तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली सरळ बेकायदा आहे. जाहिरात कितीही मराठीत असली तरी.