बारावीनंतर बी.एस्सी. की डिप्लोमा?

बारावी विज्ञान शाखेतून बेताच्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या धाकट्या भावाला बी.एस्सी.ला घालावे की पॉलिटेक्निकच्या अभियांत्रिकी डिप्लोमाला, असे आपण विचारले आहे. मी मराठवाड्यातील एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे. माझा ओढा कोणीकडे असेल हे आपण ओळखालच.

आमच्याकडे आलेला मुलगा सुरुवातीचे कित्येक दिवस फक्त कानस चालवतो. लोखंडाचा तुकडा घासायचा, त्यावर ट्राय स्क्वेअर म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या टेकवून उजेडासमोर धरायचा आणि मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचे. चूक कळायला त्याला निकालाची वाट पाहावी लागत नाही. दहावीपर्यंत मान खाली घालून बसणारी मुले या कामावर तासन्‌तास रमलेली मी पाहिली आहेत. मात्र धातू तापल्यावर का आणि किती वाढतो, हे मुळापासून शिकवायला आम्हाला वेळ पुरत नाही. ते काम बी.एस्सी.चे, आणि ज्याला पुढे एम.एस्सी. करून अध्यापन किंवा संशोधन करायचे आहे त्याने तिकडेच जावे.

मला खरी काळजी वाटते ती नावापुरत्या पदवीची. महाविद्यालयात फक्त प्रवेश घ्यायचा आणि तीन वर्षे संभाजीनगरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसायचे, यात विज्ञानही हाती लागत नाही आणि हुन्नरही.

डिप्लोमा घेतला की पदवी कायमची सुटली, हा घरोघरी असलेला समज चुकीचा आहे. बारावी विज्ञान झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. राज्यसेवेला पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही, हे खरे. पण नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून ती घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2014 पासून बी.व्होक. ही कौशल्यावर आधारलेली पदवीही सुरू केली आहे.

भावाला हातांनी काम करण्याची आवड असेल तर मी डिप्लोमाच सांगेन. प्रवेशाआधी मात्र कामाच्या दिवशी, दुपारच्या सुमारास, त्याला घेऊन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जा. लेथवर मुले उभी आहेत की यंत्रांवर धूळ आहे, ते बघा आणि मगच फी भरा.