पॉलिश केलेला अमोनाइट खरा आहे का, आणि तो कूलरच्या घरात टिकेल का?

तुमचा प्रश्न असा, की मादागास्करची म्हणून ऑनलाइन घेतलेली अमोनाइटची (नामशेष समुद्री प्राण्याच्या वेटोळ्या शंखाच्या जीवाश्माची) मधोमध कापलेली जोडी खरी आहे का, आणि नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो त्या खोलीत ती ठेवली तर चालेल का.

आधी वजन करा. स्वयंपाकघरातला ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. जोडीतला एक भाग कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि तो भाग दोऱ्याने असा लटकता धरा की पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. ८१ ग्रॅमच्या तुकड्याला ३० आकडा आला तर उत्तर २.७, म्हणजे कॅल्साइट, खऱ्या नगात भरलेलं चुनखडीचं खनिज. नुसत्या रेझिनचा ओतीव नग १.१ ते १.३ च्या आसपास येतो; दगडाची पूड मिसळली असेल तर मधेच कुठेतरी. पोकळ कप्प्यांत चिकटलेले बुडबुडे आधी बोटाने काढा, नाहीतर खरा नगही हलका भरतो.

मग दहापट भिंग घ्या. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती खूण ही: कापलेल्या बाजूवर एक पडदा, म्हणजे दोन कप्प्यांमधली भिंत, निवडा आणि तो बाहेरच्या कडेपर्यंत नजरेने न्या. आता तुकडा उलटा करा. पाठीवर नेच्याच्या पानासारख्या नागमोडी रेषा असतात, त्यातली एक बरोबर तिथूनच निघायला हवी, कारण ती रेषा म्हणजे त्याच पडद्याची कड. शिंपल्याची चमक शिल्लक असेल तिथे रेषा झाकलेली असते, म्हणून चमक उडालेली जागा शोधा. ओतीव नगात हा मेळ सहसा बसत नाही, आणि सगळे कप्पे एकाच रंगाचे दिसतात. खऱ्यात एका कप्प्यात स्फटिक, तर शेजारच्यात गाळ भरलेला असू शकतो. जोडीचे दोन्ही भाग तंतोतंत जुळत नसतील तर घाबरू नका. करवतीच्या पात्यात एक-दोन मिलिमीटर दगड जातोच. भेगांत रेझिन भरलेलं असणं ही डागडुजी आहे, फसवणूक नाही. मात्र विकणाऱ्याने ते सांगायला हवं.

कुणी ‘नागपूरजवळ सापडलेला अमोनाइट’ म्हणून देऊ लागला तर घेऊ नका. अमोनाइट समुद्रातला प्राणी. नागपूरजवळच्या टाकळीच्या इंटरट्रॅपियन थरांत, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधे साठलेल्या गाळात, मिळतात ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. वेटोळं दोन्हींत दिसतं, पण गोगलगायीच्या शंखात अमोनाइटसारखे पडद्यांचे कप्पे नसतात. भारतात अमोनाइट कच्छ, स्पिती, अरियालूर आणि नर्मदा खोऱ्यातल्या बाघ थरांत मिळतात.

आता कूलर. कॅल्साइटच्या जोडीला दमट हवेने फारसं काही होत नाही. धोका असतो पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असलेल्या नगांना, म्हणजे पितळेसारखे सोनेरी कण दिसतात त्यांना. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांवर राहिली की पायराइट कुजायला लागतं आणि त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं. पिवळट-पांढरी पूड आणि गंधकाचा वास ही पहिली खूण. असा नग लगेच वेगळा काढा, धुवू नका. नागपुरात एप्रिल-मे बाहेर कितीही कोरडे असले, तरी कूलरच्या खोलीत पावसाळा आधीच सुरू झालेला असतो. म्हणून पायराइट असलेले नग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास वाळवून पुन्हा वापरा.

पुसताना लिंबू, चिंच, व्हिनेगर अजिबात नको. कॅल्साइट आम्लात विरघळतं आणि पॉलिश एका मिनिटात मरतं. देवघरात शाळिग्राम असेल (तोही बहुधा अमोनाइटचाच जीवाश्म) तर दही-पंचामृताचा अभिषेक झाल्यावर लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा, कारण त्यातही चुनखडीचा भाग असू शकतो. कोरड्या फडक्याने धूळ घासू नका. धुळीत क्वार्ट्झ असतं, मोहस् मापावर त्याची कठीणता ७ आणि कॅल्साइटची ३, म्हणजे प्रत्येक पुसण्यात ओरखडे. आधी मऊ ब्रशने धूळ उडवा, मग ओलसर सुती कापड फिरवा. खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ बसते.